एकखांबी तंबू आणि दबंग दिल्ली

३१ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री दिल्लीतल्या मराठी कबड्डीप्रेमींची चांगलीच पंचाईत झाली होती. त्यागराज स्टेडियममध्ये प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना होता. एकीकडे राहत्या गावाची दबंग दिल्ली, तर दुसरीकडे पुणेरी पलटण. टाळ्या कुणासाठी वाजवायच्या हे ज्याचं त्यानं ठरवलं असेल. दिल्लीनं ३१-२८ असा विजय मिळवला आणि दुसऱ्यांदा करंडक उचलला. मात्र ज्याच्या नावानं हा संघ सहा हंगाम ओळखला गेला, तो ‘नवीन एक्स्प्रेस’ नवीन कुमार त्या संघात नव्हता. लिलावात १ कोटी २० लाखांची बोली लावून हरियाणा स्टीलर्सनं त्याला आपल्याकडे नेलं होतं.

गेली काही वर्षं कबड्डीच्या चाहत्यांत एक वाद सतत रंगतो. एकट्या चढाईपटूच्या जोरावर विजेतेपद मिळतं का? गल्लीतल्या स्पर्धेपासून प्रो कबड्डीच्या लिलावापर्यंत सगळा झोत चढाईपटूवर असतो. गावच्या स्पर्धेत सर्वोत्तम चढाईपटूचं बक्षीस पहिल्यांदा जाहीर होतं, पकडीचं त्याच्या मागून. पोस्टरवर छाती पुढे काढून उभा असतो तोही चढाईपटूच. या प्रश्नाचं उत्तर शोधायला दिल्लीइतका चांगला संघ दुसरा नाही, कारण एका माणसावर विसंबून हरणं, दोघांच्या बळावर जिंकणं आणि त्या माणसाशिवायही जिंकणं, हे तिन्ही प्रकार या एकाच संघानं करून दाखवले आहेत.

नवीन हरियाणातल्या भिवानी जिल्ह्याचा. जन्म २००० सालचा. २०१८ च्या सहाव्या हंगामात तो दिल्लीकडून पहिल्यांदा खेळला, आणि त्याच हंगामात दिल्लीनं पहिल्यांदा बाद फेरी गाठली. आधीच्या पाच हंगामांत ते जमलं नव्हतं. तेव्हाही दिल्लीकडे चढाईपटूची वानवा होती असं नाही. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके तेव्हा दिल्लीचा होता, आणि २०१५ च्या दुसऱ्या हंगामात चढाईच्या गुणांत तो साऱ्या स्पर्धेत पहिला आला. संघ मात्र उपांत्य फेरीच्या अलीकडेच थांबला. काशिलिंग खेळत होता तेव्हा दिल्लीचा सामना पाहणं म्हणजे त्याची चढाई पाहणं, आणि तो बाद होऊन बाकावर बसला की घड्याळ पाहणं. पुढे काशिलिंगच्या वाट्याला विजेतेपद आलं, पण ते बेंगळुरू बुल्सकडून. २०१८-१९ च्या त्या संघात पवन सेहरावत आणि कर्णधार रोहित कुमार हे पुढचे चढाईपटू होते. साऱ्या भाराखाली असताना जे मिळालं नाही, ते भार वाटला गेल्यावर मिळालं.

नवीनची गोष्ट इथून सुरू होते. २०१९ च्या सातव्या हंगामात त्यानं ३०१ चढाई गुण घेतले आणि स्पर्धेतला सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. दहा किंवा जास्त चढाई गुण म्हणजे सुपर टेन. त्या हंगामात नवीनच्या नावावर असे २२ सामने होते. दिल्ली साखळीत पहिली आली, उपांत्य फेरीत बेंगळुरूला ४४-३८ असं हरवून पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचली. समोर होता बंगाल वॉरियर्स, आणि त्यांचा मुख्य चढाईपटू मणिंदर सिंग दुखापतीमुळे बाहेर. कागदावर सामना दिल्लीच्या खिशात होता.

१९ ऑक्टोबर २०१९ ला अहमदाबादमध्ये नवीननं एकट्यानं १८ गुण मिळवले. बंगालकडे तसा कोणीही नव्हता. इराणचा मोहम्मद नबीबख्श यानं दहा केले, सुकेश हेगडेनं आठ, बाकीच्यांनी थोडे थोडे. मध्यंतराला १७-१७ अशी बरोबरी होती. शेवटी बंगाल ३९, दिल्ली ३४. दिल्लीच्या ३४ पैकी निम्म्याहून जास्त गुण एकाच माणसाचे, आणि हरलेलाही तोच संघ. एकखांबी तंबू यालाच म्हणतात.

असं का होतं, याचं उत्तर कबड्डीच्या नियमांतच आहे. चढाईपटू पकडला गेला की तो बाद होतो, आणि आपल्या संघानं गुण मिळवल्याशिवाय परत येत नाही. म्हणजे बाहेर बसलेल्याला उठवण्याचं काम दुसऱ्यांचं. दुसरा चढाईपटू स्पर्श करून परतला, किंवा बचावानं पकड केली, तरच पहिला पुन्हा मैदानात. ज्या संघाचा बचाव कच्चा आणि दुसरा चढाईपटू बेभरवशाचा, त्याचा तारा सामन्यातली कित्येक मिनिटं बाकावर काढतो. आकडेवारीत ही मिनिटं दिसत नाहीत. दिसतात फक्त त्याचे गुण. चाळीस मिनिटांच्या सामन्यात एका संघाच्या वाट्याला साधारण चाळीस चढाया येतात. त्यातल्या अर्ध्या जरी त्यानं केल्या, तरी उरलेल्या अर्ध्या कुणीतरी करायच्याच असतात, आणि समोरच्या संघाच्या चाळीस चढायाही थोपवायच्या असतात.

शिवाय मोठ्या सामन्यात समोरचा संघ मूर्ख नसतो. साखळीत वीस-बावीस सामने खेळून झाल्यावर प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक असतं की हा गडी कोणत्या बाजूनं आत शिरतो, बोनस कोणत्या पायानं घेतो, निदान रेषा ओलांडून परतताना वळतो कुठे. दोन निष्फळ चढायांनंतरची ‘करो या मरो’ चढाई त्यालाच करावी लागणार हेही ठाऊक असतं. मग साखळी पकड तयारच असते.

दिल्लीला हे उमगलं, पण शहाणपणापेक्षा नाइलाजानं. आठवा हंगाम करोनामुळे बेंगळुरूच्या एकाच हॉटेलात, बंद दारांआड झाला. त्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीमुळे नवीनला काही सामने बाहेर बसावं लागलं. संघाला दुसरा चढाईपटू शोधावाच लागला, आणि विजय मलिक उभा राहिला. मागे बचावात जोगिंदर नरवाल, जीवा कुमार, मंजीत छिल्लर, संदीप नरवाल, सगळे मुरलेले गडी. ‘म्हाताऱ्यांचा संघ’ म्हणून त्यांची थट्टाही झाली. उपांत्य फेरीत दिल्लीनं बेंगळुरूला ४०-३५ असं पुन्हा नमवलं. त्या हंगामात सर्वाधिक, ३०४ चढाई गुण बेंगळुरूच्या पवन सेहरावतचे होते. आदल्या हंगामातही तोच ३४६ गुणांसह पहिला होता. दोन्ही वेळा त्याची वाट दिल्लीनं उपांत्य फेरीत अडवली.

२५ फेब्रुवारी २०२२ ला अंतिम सामन्यात दिल्ली ३७, पाटणा पायरेट्स ३६. विजय मलिकचे १४ गुण, नवीनचे १३. उरलेले दहा बाकीच्यांचे. २०१९ मध्ये नवीनचे १८ होते आणि दिल्ली हरली, २०२२ मध्ये १३ होते आणि जिंकली. माझ्या मते या वादातला सर्वात बोलका पुरावा हाच.

पुढच्या हंगामातली उलट साक्षही मांडली पाहिजे. २०२२ च्या अखेरीस नवीन कर्णधार होता आणि फॉर्मातही होता. पण बचावाची जुनी घडी मोडली होती. जोगिंदर हरियाणाकडे गेला होता. बाद फेरीत बेंगळुरूनं दिल्लीला ५६-२४ असं धुऊन काढलं. तोच नवीन, आणि हा असा निकाल. दहाव्या हंगामात नवीन पुन्हा जखमी झाला आणि आशू मलिकला पुढे यावं लागलं. त्यानं २७६ चढाई गुण घेऊन हंगामात पहिला क्रमांक मिळवला. दिल्ली पाटण्याकडून ३५-३७ अशी हरून बाहेर पडली. अकराव्या हंगामात दोघं सोबत होते, तरी उपांत्य फेरीत पुन्हा पाटणाच आडवा आला.

आता दिल्लीबाहेर पाहू, कारण एका संघावरून सिद्धान्त काढणं बरं नाही. बारा हंगामांत सर्वाधिक चढाई गुण घेणारा खेळाडू विजेत्या संघात किती वेळा होता? चार वेळा. तिसऱ्या आणि पाचव्या हंगामात पाटण्याचा प्रदीप नरवाल, सहाव्यात बेंगळुरूचा पवन, नवव्यात जयपूर पिंक पँथर्सचा अर्जुन देशवाल. आठ-बारा संघांच्या स्पर्धेत बारापैकी चार वेळा म्हणजे काही थोडं नाही. नशिबानं इतकं होणार नाही. चढाईपटूला महत्त्वच नाही असं म्हणणाऱ्यांनी हे चार लक्षात ठेवावेत. आणि तोच सर्वस्व आहे म्हणणाऱ्यांनी उरलेले आठ.

त्या आठांची यादी पहिल्याच वर्षी सुरू होते. २०१४ मध्ये यू मुंबाचा अनुप कुमार चढाईत पहिला होता, सर्वोत्तम खेळाडूही तोच, आणि अंतिम सामन्यात जयपूरकडून २४-३५ असा पराभव. चौथ्या हंगामात तेलुगू टायटन्सचा राहुल चौधरी पहिला, विजेतेपद पाटण्याला. त्याच्या चाहत्यांची संख्या कुणालाही हेवा वाटेल अशी, पण त्याच्या टायटन्सनं कधी अंतिम फेरी पाहिली नाही. अकराव्या हंगामात पाटण्याच्या देवांक दलालनं ३०१ गुण घेतले. अंतिम सामन्यात बालेवाडीत हरियाणा स्टीलर्सनं त्याला पाच गुणांवर रोखलं आणि सामना ३२-२३ असा जिंकला. हरियाणाचा त्या दिवशीचा सर्वाधिक गुणांचा चढाईपटू होता महाराष्ट्राचा शिवम पठारे, नऊ गुण. बाराव्या हंगामात पाटण्याच्याच अयान लोहचबनं चढाईत सगळ्यांना मागे टाकलं, करंडक मात्र दिल्लीत राहिला.

अपवाद आहेत, आणि ते डोळे दिपवणारे आहेत. २०१७ मध्ये प्रदीप नरवालनं हंगामात ३६९ चढाई गुण मिळवले. बाद फेरीतल्या एका सामन्यात हरियाणाविरुद्ध त्याचे ३४ गुण होते, आणि त्यातल्या एकाच चढाईत समोरचे सहाच्या सहा गडी बाद करून तो परतला होता. डुबकी मारून साखळीखालून सटकणारा सोनीपत जिल्ह्यातला हा पोरगा त्या वर्षी कुणालाच आवरला नाही. अंतिम सामन्यात पाटण्यानं गुजरातला ५५-३८ असं हरवलं, त्यात प्रदीपचे १९. मात्र ५५ मध्ये १९ म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त. त्याच संघात मोनू गोयतनं हंगामात १९१ गुण मिळवले होते, हे प्रदीपच्या गुणगानात हरवून जातं.

खरा अपवाद एकच, आणि तो मान्य करायला हवा. ५ जानेवारी २०१९, मुंबईत वरळीचा एनएससीआय डोम. गुजरातविरुद्ध मध्यंतराला मागे पडलेल्या बेंगळुरूला पवन सेहरावतनं ओढून काढलं. ३८-३३. ३८ पैकी २२ गुण पवनचे. एकट्यानं अंतिम सामना जिंकला असं कुणाबद्दल म्हणता येत असेल, तर ते त्या रात्रीच्या पवनबद्दल.

लिलावात बोली लावणाऱ्यांनी मात्र हाच अपवाद नियम समजून पैसे ओतले. २०१९ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईला तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाखांना घेतलं. आदल्या वर्षी यू मुंबाकडून त्यानं धुमाकूळ घातला होता. टायटन्स बाद फेरीत पोचले नाहीत. २०२१ मध्ये प्रदीपला यूपी योद्धानं १ कोटी ६५ लाख मोजून आणलं. उपांत्य फेरीत योद्ध्यांना हरवलं ते पाटण्यानं, ज्यांनी प्रदीपला सोडलं होतं आणि चढाईचं काम तीन-चार जणांत वाटून टाकलं होतं. २०२२ मध्ये पवन २ कोटी २६ लाखांना तमिळ थलैवाजकडे गेला, पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून हंगामाबाहेर झाला, आणि त्याच्याविना थलैवाज उपांत्य फेरीत पोचले. नवखा नरेंदर पुढे आला होता. २०२३ मध्ये पवनसाठी टायटन्सनं २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. संघ उभारायला प्रत्येकाकडे होते पाच कोटी. निम्म्याहून अधिक रक्कम एकावर गेली. पवननं त्या हंगामातही दोनशेहून जास्त चढाई गुण मिळवले. टायटन्सनं २२ पैकी दोन सामने जिंकले आणि तळाला राहिले. पवनच्या खेळात खोट नव्हती. उरलेल्या अडीच कोटींपेक्षा कमी पैशांत बाकीचा संघ उभा राहू शकला नाही, इतकंच.

हाच प्रश्न अमेरिकेत क्वार्टरबॅकबद्दल विचारला जातो, तोही पन्नास वर्षं. तिकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू प्रत्येक डावाला आधी त्याच्या हातात येतो, त्यामुळे संघाचं यशापयश त्याच्याच खात्यावर मांडण्याची सवय. मायामीचा डॅन मरीनो १९८४ च्या हंगामात ५,०८४ यार्ड फेकून विक्रम करतो, पण जानेवारी १९८५ मध्ये सुपर बोल हा अंतिम सामना १६-३८ असा हरतो आणि पुन्हा कधीही तिथे पोचत नाही. उलट, सामान्य समजला जाणारा ट्रेंट डिल्फर जानेवारी २००१ मध्ये बाल्टिमोरच्या पोलादी बचावामागे उभा राहून ३४-७ असा करंडक जिंकतो, आणि लगेच संघ त्याला निरोपही देतो. तरीही क्वार्टरबॅक आपल्या चढाईपटूपेक्षा सुखी म्हणायचा. एक डाव फसला तरी पुढच्या डावाला तो मैदानातच असतो. आपला गडी एकदा सापडला की दुसऱ्यानं उठवेपर्यंत बाहेर.

मग कबड्डीतला किताब जिंकून देणारा माणूस बचावात शोधायचा का? तसं म्हणणारा एक पक्ष आहे, आणि त्यांच्याकडे मोहम्मदरेझा शादलू नावाचा मोठा पुरावा आहे. हा इराणी डावा कोपरारक्षक २०२३ मध्ये २ कोटी ३५ लाखांना पुणेरी पलटणकडे आला आणि पलटण विजेती झाली. २०२४ मध्ये २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, आणि हरियाणा विजेती झाली. लागोपाठ दोन वर्षं, दोन संघ. पण २०२५ मध्ये गुजरातनं त्याच्यावर २ कोटी २३ लाख खर्च केले, आणि किताब आला नाही. त्याआधी नवव्या हंगामात तो पाटण्यात असताना संघ बाद फेरीतही पोचला नव्हता. म्हणजे तोही एकटा पुरत नाही. एका देवाच्या जागी दुसरा बसवून प्रश्न सुटत नाही.

पलटणचा दहाव्या हंगामातला किताब मला या साऱ्या वादात सर्वात शिकण्यासारखा वाटतो. एकावर एवढा खर्च करूनही उरलेला संघ भक्कम का राहिला? कारण अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे ही मुलं त्यांनी लहान वयात हेरून, घडवून जवळ ठेवली होती. बोली लावून विकत घेतलेली नव्हती. चढाईत त्यांच्यातला कुणीही हंगामात पहिला आला नाही. अस्लम सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला, तो चढाई आणि पकड दोन्हीच्या बळावर. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाविरुद्ध पलटणनं २८-२५ असा विजय मिळवला, तेव्हा सर्वाधिक चढाई गुण पंकजचे होते, नऊ. त्यातले चार एकाच चढाईत.

दिल्लीनंही २०२५ मध्ये हेच केलं, फक्त पैसे देऊन आणि अनुभवी माणसं घेऊन. नवीनला परत मिळवण्याचा हट्ट धरला नाही. आशू मलिककडे कर्णधारपद. बचावाला इराणचा फझल अत्राचली आणि सुरजीत सिंग यांच्यासारखे जुनेजाणते. चढाईत नीरज नरवाल आणि महाराष्ट्राचा अजिंक्य पवार. प्रशिक्षक म्हणून जोगिंदर नरवाल, २०२२ चा तोच कर्णधार. कर्णधार म्हणून आणि प्रशिक्षक म्हणूनही किताब जिंकणारा तो मनप्रीत सिंगनंतरचा दुसरा. मनप्रीत २०१६ मध्ये पाटण्याचा कर्णधार होता आणि २०२४ मध्ये हरियाणाचा प्रशिक्षक. दोघंही मूळचे बचावपटू, हा योगायोग असेलही, मला तसा वाटत नाही.

अंतिम सामन्यात सर्वाधिक गुण पलटणच्या आदित्य शिंदेनं घेतले, दहा. दिल्लीकडून नीरजचे नऊ, अजिंक्यचे सहा. अखेरच्या क्षणी पलटण अगदी जवळ आली होती. तेव्हा फझलनं आदित्यची पकड केली आणि सामना संपला.

या सगळ्यातून माझं मत असं बनलं आहे: चांगल्या चढाईपटूशिवाय बाद फेरी अवघड, एकट्या चढाईपटूवर किताब जवळपास अशक्य. नवीन दिल्लीला दारापर्यंत घेऊन गेला, दार उघडायला विजय मलिक आणि ते चार ‘म्हातारे’ लागले. पवनच्या वरळीतल्या रात्रीचं उदाहरण पुढे केलं जाईल, तर त्याच पवनचे टायटन्समधले दिवसही आठवावेत.

पुढच्या लिलावातही बातमीचा मथळा पहिल्या चढाईपटूच्या कोटींचाच असेल. आपल्या संघाचं काय होणार याचा अंदाज हवा असेल, तर मथळ्याखाली उतरून दोनच गोष्टी शोधा: दुसरा चढाईपटू कोण, आणि डावा कोपरा कुणाकडे.